ब्रशनेच रंगवणार, आणि एनॅमलच लावणार

"घराचो दरवाजो रंगवतंस काय टेंपो?"

हे मला रंगाच्या दुकानदाराने भर बाजारपेठेत, गिऱ्हाईकांनी भरलेल्या दुकानात ऐकवलं. माझा गुन्हा एवढाच की टाटा चारशे सात टेंपोसाठी सिंथेटिक एनॅमल, झिंक फॉस्फेट प्रायमर, रंग पातळ करायला टर्पेंटाइन आणि फोमचा रोलर मागितला. स्प्रे मारणार नाही, हाताने लावणार म्हटल्यावर शेठचा चेहराच बदलला. बाजूला पीव्हीसीचा एल्बो हातात घेऊन उभा असलेला माणूस हसला. माल काढून देणारा पोरगा हसला. मग शेठ म्हणाले, "त्यापेक्षा भंगारात घाल मरे, पैशे तरी येतले."

अहो, तुम्ही रंग विकता ना? मग रंग विका! माझी गाडी भंगारात घालायची की ठेवायची ते मी बघेन. याच टेंपोवर वडिलांनी कर्ज फेडलं. हापूसच्या पेट्या भरून रात्रीच्या रात्री घाट चढून गेलेली गाडी आहे ती. सीझन संपला की चिरे, चिरे नसतील तेव्हा वाळू, वाळू नसेल तेव्हा कोणाचं तरी लग्नाचं सामान. १९८६ साली हे मॉडेल आलं आणि आजही चिऱ्याच्या कुठल्याही खाणीवर जा, ती लाल धुळीत उभी दिसते. इंजिनाला हात लावावा लागत नाही, पाटे मजबूत आहेत. गंजलाय तो पत्रा. पत्रा गंजला म्हणून गाडी मोडीत काढायची असेल तर समुद्राकाठच्या सगळ्याच गाड्या मोडीत काढाव्या लागतील.

बरं, अपमान केलात तो केलात, निदान माल तरी सरळ द्या. टर्पेंटाइनचा सीलबंद डबा नाही म्हणाले, आत जाऊन सुटं भरून आणलं. कॅनवर नाव नाही, काही नाही. बिलावर मात्र टर्पेंटाइन. वास उग्र वाटला म्हणून तिथेच विचारलं, तर म्हणे नव्या कंपनीचं आहे, असाच वास येतो.

बॉनेटचा पहिला कोट घरातल्या जुन्या टर्पेंटाइनवर झाला होता. सुंदर बसला होता. रात्रभर सुकू दिला, चारशे नंबरच्या वॉटर पेपरने हलका घासला, पुसून घेतला. मग या कॅनमधलं द्रावण घालून दुसरा कोट लावला आणि डोळ्यांदेखत अख्खं बॉनेट उकळत्या दुधावरच्या सायीसारखं सुरकुतलं. खालचा कोटही उचलला, थेट प्रायमरपर्यंत. ते टर्पेंटाइन नव्हतंच. एनसी थिनर होता, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगात घालायचा! एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश पक्कं होतं, आतून पूर्ण मुरायला आठवडे जातात. अशा अर्धवट मुरलेल्या कोटावर एनसी थिनरसारखं जहाल द्रावण पडलं की तो फुगतो आणि पत्रा सोडतो. रंगाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला हे ठाऊक नाही यावर मी विश्वास ठेवणार नाही. त्याला ठाऊक आहे. ज्या ड्रममध्ये माल शिल्लक होता त्या ड्रममधून त्याने ओतून दिलं.

कॅन घेऊन परत गेलो तर उत्तर काय? "तुमका लावूक येना नाय." आणि उघडलेला माल परत घेत नाही. सुटा माल उघडा नसतो तर कसा असतो? बंद असता तर मी तो घेऊन नाचलो असतो का तुमच्या दारात? आता ते बॉनेट पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडायचं. ऐंशी नंबरच्या पेपरने, हाताने, कोपऱ्या-कोपऱ्यातून. अंगठ्याची कातडी गेली आहे. प्रायमर वाया, रंग वाया, सुट्टी वाया, आणि वर माझ्याच हाताला दोष.

म्हणे गॅरेजला द्या. दिली असती! गॅरेजवाल्याने डेंटिंग-पेंटिंगचा जो आकडा सांगितला तो गाडी विकून येतील त्याच्या निम्म्यावर जातो. त्यात पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन रंगाचा स्प्रे, वर क्लिअर कोट, चकाचक. मला चकाचक नको आहे. हौद्यात चिरे पडतात. जांभ्याचा चिरा फाळक्यावर घासला की तुमचा पीयू आणि माझं एनॅमल दोघांनाही ओरखडा उठतोच. फरक एवढाच की माझा ओरखडा मी संध्याकाळी ब्रशने बुजवतो आणि त्यांच्या ओरखड्यासाठी पुन्हा गॅरेजच्या दारात उभं राहावं लागतं. तो टू-पॅक पीयू घरी मारा म्हणून सांगणारे तर मला शत्रू वाटतात. त्यात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसात गेलं की दमा लागतो. तोंडाला रुमाल बांधून अंगणात मारायची वस्तू आहे ती? घरात म्हातारी माणसं, पोरं, आणि हे सांगतात मार स्प्रे.

आणि गॅरेजमध्ये काय करतात ते मी बघितलंय. गंजावरच लांबी, म्हणजे पुटी चोपडतात. गंज खरवडायला वेळ लागतो, लांबी भरायला लागत नाही. वरून रंग मारला की गाडी नवी दिसते आणि पहिल्या पावसातच लांबी पाणी पिऊन फुगते, ऑगस्टमध्ये तिचे पोपडे पडतात. तेव्हा गॅरेजवाला म्हणतो, खारी हवा आहे, काय करणार.

हवेचं मला सांगू नका. खाऱ्या हवेचं काय करायचं ते करता येतं, पण ते कोणी सांगत नाही, कारण त्यात विकायला काही नाही. गोडं पाणी लागतं. विहिरीचं पाणी चांगलं धो धो मारून पत्र्यावरचं मीठ आधी घालवायचं, मग घासायचं, मग पुन्हा धुवायचं, आणि सुकल्या सुकल्या प्रायमर लावायचा. हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांवर गेली की साधं मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी धरतं. रंगाखाली मीठ राहिलं की आतल्या आत फोड येतात, वर कितीही महागाचा रंग असो. हे कुठल्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय? डब्यावर हसऱ्या बाईचं चित्र आहे आणि मागे मुंगीच्या अक्षरात 'कोरड्या पृष्ठभागावर लावा'. कोकणात कोरडा पृष्ठभाग म्हणजे नक्की कधी, ते पण लिहा. पहाटे पत्र्यावर दव असतं. ते उन्हाने जाईपर्यंत ब्रश लावायचा नाही. दुपारनंतर खारा वारा सुटतो, तेव्हा थांबायचं. मधल्या वेळात जे होईल ते. आर्द्रता पंच्याऐंशीच्या वर असेल तर डबा उघडायचाच नाही. दिवाळीनंतर थोडे महिने मिळतात, मग आंबा सुरू झाला की गाडी हाताला लागत नाही.

आणि ते व्हिडिओवाले! देशावरच्या कोरड्या हवेत, पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहून सांगतात, "दोन तासांत दुसरा कोट." या इकडे, आमच्या खळ्यात लावा दुसरा कोट दोन तासांत, आणि दाखवा तो व्हिडिओ. रेड ऑक्साइड प्रायमर लावा आणि निवांत बसा म्हणणारा एक आहे, त्याला तर मी समोर बसवून विचारणार आहे. नुसता प्रायमर पावसात उघडा ठेवला की तो पाणी शोषतो आणि खाली गंज धरतो. अशा लालेलाल गाड्या आमच्या रस्त्यावर किती उभ्या आहेत, बिचाऱ्या मालकांना वाटतंय रंगवून झाली.

हौस म्हणून रंगवत नाही मी. गाडी आठ वर्षांवर गेली की दर वर्षी आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट. एजंट लांबूनच बघून म्हणतो, पहिलो रंग मार. रंग आरसीवर लिहिलेलाच हवा, बदलायचा तर अर्ज करा, नोंद करा. म्हणजे मला शेडकार्डातला नेमका तोच निळा पाहिजे, आणि दुकानात काय आहे? भिंतीचे बाराशे रंग कळ दाबली की मशीनमधून पडतात, पण एनॅमलचा साधा ऑक्सफर्ड ब्लू चार लिटरमध्ये नाही. एक-एक लिटरचे डबे घ्या म्हणतात, आणि दोन डब्यांच्या छटा जुळत नाहीत. ते सगळे एका बादलीत ओतून ढवळून घ्यावे लागतात. शिवाय जुनी रिफ्लेक्टर टेप काढली की ती पुन्हा चिकटत नाही. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, सगळी नवी घ्या.

मेहनत करून रंगवलेली गाडी जाणार कुठे? त्याच मुंबई-गोवा महामार्गावर. २०११ पासून चौपदरीकरण चाललंय. खडी उडते, मडगार्डच्या आतला रंग सोलून निघतो, आणि बंदराकडच्या रस्त्याला मासळीच्या गाड्या बर्फाचं खारं पाणी गाळत पुढे चाललेल्या असतात. ते पाणी मागच्या गाडीच्या चॅसीवर उडतं. त्या पाण्याला टाकी लावा, नळी लावा म्हणून कोणी अडवत नाही. आमची टेप दीड इंच उचकटलेली मात्र लगेच दिसते.

एनॅमल, ब्रश, रोलर. जुन्या, राबत्या गाडीला कोकणात हाच रंग योग्य आहे आणि मी हाच लावणार. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना हात जोडून सांगतो, सुटं टर्पेंटाइन घेऊ नका. घ्यावंच लागलं तर आधी कुठल्यातरी जुन्या, सुकलेल्या एनॅमलवर चिंधीने चोळून बघा. रंग चिकट होऊन चिंधीला लागला तर ते टर्पेंटाइन नाही. तो कॅन तसाच उचला, ज्याने दिला त्याच्या काउंटरवर नेऊन ठेवा आणि पैसे हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.