अभ्यासक्रम मंजूर करून घ्यायचाय? या, बसा!

नव्यानं रुजू झालेल्या प्राध्यापक मित्रांनो, अभ्यास मंडळापुढे नवा कोर्स मांडायची खाज सुटलीच असेल, तर चार युक्त्या ऐकून ठेवा. ताज्या आहेत. गेल्या आठवड्यातच माझा दोन क्रेडिटांचा प्रस्ताव पुन्हा परत आला. कॉलेजचं नाव घेत नाही, स्वायत्त आहे एवढं पुरे.

आधी फॉन्ट बघा. मजकूर नंतर बघतात, किंवा बघत नाहीत.

मीटिंग मे महिन्यात, भर दुपारी ठेवा. खान्देशच्या उन्हात कूलर बंद पडला की कितीही लांब विषयपत्रिका चहा येण्याआधी मंजूर होते.

ज्यावर चर्चा नको, ते ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात ढकला.

आता मुख्य युक्ती. कोर्स चुकूनही आपल्या गावच्या कामाचा ठेवू नका. मी ठेवला. नाव दिलं, ‘केळी : काढणी, हाताळणी आणि पिकवण’. एक क्रेडिट थिअरी, १५ तास. एक प्रात्यक्षिक, ३० तास. पहिला आक्षेप, ‘विद्यार्थ्याला समजेल’ असं लिहायचं नाही, समजणं मोजता येत नाही. बरं. मग लिहिलं, ‘विद्यार्थी घडाच्या फण्या डाग न पाडता उतरवेल.’ हे मोजता येतं, पण म्हणे भाषा अकॅडमिक नाही. दुसरा आक्षेप बाहेरून आलेल्या तज्ज्ञांचा : ‘केळी’ हा विषय फार संकुचित आहे. रावेर-यावल हाकेच्या अंतरावर, जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि केळी संकुचित! शेवटी नाव झालं ‘उष्णकटिबंधीय फलसंपदेचे मूल्यवर्धन : एक आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन’. माना डोलल्या. मग कुणीतरी विचारलं, यात भारतीय ज्ञानप्रणाली कुठे आहे? तीही घातली. मग आउटकमचा तक्ता, म्हणजे कोर्समधून पोरांना काय येणार आणि ते पदवीच्या उद्दिष्टांशी किती जुळतं, याचा. त्यात १, २, ३ असे आकडे भरायचे. ३ का, २ का नाही, हे कुणी विचारत नाही. एक रकाना कोरा राहिला तर मात्र गहजब. आणि रायपनिंग चेंबरची, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीची भेट? ‘सर, ही तर सहल झाली.’ प्रात्यक्षिक उडालं. कार्बाईडनं फळ पिकवायला बंदी का आहे, इथिलीन किती सोडायचं, चेंबरचं तापमान किती ठेवायचं, हे सगळं आता फळ्यावर शिकवायचं. एवढं करूनही शेरा काय, तर ‘संदर्भग्रंथांची यादी अपुरी, पुढील बैठकीत ठेवावे.’ पुढची बैठक कधी? तोवर सेमिस्टर संपलेलं असेल.

जेवण भरीत-पुरीचंच सांगा. इतिवृत्तात नोंद नसते, पण एकमत तिथेच होतं.

उद्योगाचा प्रतिनिधी हवा, असं नियमात आहे. काळजी नको, फक्त सही मागवा. माजी विद्यार्थ्यालाही बोलवा, पण कोपऱ्यात बसवा.

पुरे झाली गंमत. अहो मंडळाच्या सदस्यांनो, ज्या केळीवाल्याची सही मागवता, त्याला एकदा समोर बसवून विचारा ना, पोरांना काय आलं पाहिजे ते! आमच्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी बाग आहे. हरण्या या केळीवरच्या विषाणूजन्य रोगानं बाप उभी झाडं उपटतो आणि पोरगं इथे ‘मूल्यवर्धन’ पाठ करतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून कौशल्य-कौशल्य असा जप तुम्हीच लावलाय, आणि कौशल्य दारात आलं की त्याला समास किती सोडलाय म्हणून विचारता. फायली आठवडाभर आधी घरपोच दिल्या होत्या. गठ्ठ्याची सुतळी तुम्ही मीटिंगमध्ये सोडलीत, मी बघत होतो. न वाचता आक्षेप घेता, न वाचता मंजूरही करता, लाज कशी वाटत नाही? बारा पानं वाचायला वेळ नसेल तर मंडळावर राहू नका. आणि जाताना प्रवासभत्त्याचं बिलही परत घेऊन जा.