शिकवलं, फोटो काढला, झालं?

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "दुसऱ्या देशांच्या सैन्याला शिकवून आपल्याला मिळालं काय? अफगाण सैन्य बघा, पळून गेलं." खाली सात-आठ अंगठे. माझा चहा तसाच गार झाला.

पळून गेलं? त्यातल्या एकाला आम्ही खाऊ घातलंय.

2019 चा नोव्हेंबर. खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे सैन्याच्या अकादमीत, भाच्याची पासिंग आउट परेड होती. 'अंतिम पग' म्हणजे अकादमीतलं शेवटचं पाऊल, ते ओलांडून पोरं बाहेर आली आणि जो तो आपले आईबाप शोधायला लागला. भाच्याच्या स्क्वाड्रनमधला एक अफगाण मुलगा मात्र बाजूला उभा राहून, फोन उंच धरून घरच्यांना मैदान दाखवत होता. ताई गेली आणि त्याला हाताला धरून घेऊन आली. त्याने आधी पांढरे हातमोजे काढले, नीट घडी घातली आणि मगच डब्यातली शंकरपाळी उचलली. मग आमचा चौघांचा फोटो.

2011 च्या ऑक्टोबरात मनमोहन सिंग आणि तेव्हाचे अफगाण अध्यक्ष करझाई यांनी दिल्लीत करार केला. अफगाण सैन्य उभं करायला आपण प्रशिक्षण आणि साहित्य देणार असं त्यात ठरलं. देहरादून, चेन्नई, खडकवासल्याच्या लष्करी अकादम्यांत ही पोरं येत राहिली. आपण एमआय-25 हेलिकॉप्टरंही दिली. अमेरिकेने तर 80 अब्ज डॉलरहून जास्त ओतले. तरी 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हाती पडलं. का पडलं? नुसत्या कागदावरच्या सैनिकांचे पगार वरचे अधिकारी खात होते. विमानांची देखभाल करणारे परदेशी कंत्राटदार निघून गेले आणि विमानं जमिनीवर बसली. 2020 मध्ये दोह्यात अमेरिकेने तालिबानशी सौदा केला, तोही काबूलच्या सरकारला बाहेर ठेवून. यातलं काय त्या हातमोजेवाल्या पोराने केलं होतं, सांगा ना!

काबूल पडलं त्या आठवड्यात त्याचा भाच्याला मेसेज आला. मदत मागितली नव्हती. एवढंच होतं, "आंटीला सांग, आपला तो फोटो कुठे टाकला असेल तर काढा."

आणि आपण? त्याच महिन्यात, भारताबाहेर असलेल्या अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. सुरक्षेचा प्रश्न होता, मान्य. अकादम्यांत अडकलेल्या 80 जणांना नंतर एक वर्षाचा इंग्रजीचा कोर्स दिला, तेही खरं. आणि हो, तालिबानचा नेता स्तानिकझाईसुद्धा देहरादूनलाच शिकला होता, हे मला पुन्हा कुणी ऐकवू नका, माहीत आहे.

पण आपल्या हाताने ज्याच्या अंगावर गणवेश चढवला, त्याच्या जिवावर तोच गणवेश उठला तर आपलं काहीच लागत नाही? करारात बंदुका, हेलिकॉप्टरं, कोर्स सगळं लिहितात. उद्या सरकार कोसळलं तर या पोरांनी कुणाचं दार ठोठवायचं, तेही लिहा की. आता काबूलमध्ये आपला दूतावास पुन्हा सुरू झालाय. राजकारण आहे, करावं लागत असेल. पण निदान त्या पोरांना पळपुटे म्हणू नका.

सकाळी मी फार चिडले होते, ग्रुपवर नको ते लिहून बसले. त्या मित्राचंही चुकलं असं नाही, त्याने तो मुलगा पाहिलेला नाही.

तो आता कुठे आहे ते मला माहीत आहे. इथे लिहिणार नाही, नावही नाही, घरचे अजून तिकडेच आहेत. ताईने फोनमधला फोटो तेव्हाच डिलीट केला. भिंतीवरच्या फ्रेमचं काय केलंस, म्हणून मघाशी फोन करून विचारलं. म्हणाली, "आहे. कपाटात, साड्यांच्या खाली."