डेव्हिस यांनी स्टालिनला दोषमुक्त केले होते का?

बर्मिंगहॅम विद्यापीठातील इतिहासकार आर. डब्ल्यू. डेव्हिस (१९२५–२०२१) यांच्याविषयी एक विधान वारंवार पुढे पाठवले जाते. हे गृहस्थ मूळचे कम्युनिस्ट. त्यांनी आयुष्यभर सोव्हिएत दप्तरे चाळली ती स्टालिनला वाचवण्यासाठी. सोव्हिएत संघातील १९३२–३३चा दुष्काळ त्यांनी हवामानाच्या माथी मारला, मृतांचे आकडे खाली आणले आणि सत्य आधीच सांगणारे इतिहासकार रॉबर्ट कॉन्क्वेस्ट यांना खोटे पाडले, असा त्याचा आशय असतो. स्टालिनचे चाहतेही जवळजवळ हेच पाठवतात, फक्त कौतुकाने. दोन्ही बाजूंनी मूळ पुस्तक उघडलेले दिसत नाही.

ते कम्युनिस्ट होते, हे खरे आहे. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाचे ते सदस्य होते आणि १९५६मध्ये त्यांनी पक्ष सोडला. त्यांची प्रमुख ग्रंथमाला, म्हणजे सोव्हिएत औद्योगिकीकरणाचा सात खंडांतील इतिहास, १९८० ते २०१८ या काळात प्रसिद्ध झाली. पक्ष सोडून चोवीस वर्षे झाल्यानंतर ज्याचा पहिला खंड आला, त्या कामाला पक्षकार्य म्हणायचे असेल तर त्यातला मजकूर दाखवून ते सिद्ध करावे लागेल.

आता हवामानाचा मुद्दा. इतिहासकार स्टीफन व्हीटक्रॉफ्ट यांच्यासह लिहिलेला पाचवा खंड, ‘द इयर्स ऑफ हंगर’, २००४मध्ये आला. १९३१चे अवर्षण आणि १९३२चा प्रतिकूल हंगाम यांना त्यात नक्कीच जागा आहे. मात्र पीक का बुडाले याची जी कारणे लेखकद्वयाने मांडली आहेत, त्यांत हवामानाबरोबर पेरणीक्षेत्र बळेच वाढवणे, पिकांचा फेरपालट मोडणे, मशागतीचा दर्जा घसरणे आणि ओढकामाची जनावरे मरणे हीसुद्धा आहेत, आणि ही सारी सक्तीच्या सामूहिकीकरणाची, म्हणजे शेतकऱ्यांना जबरदस्तीने सामुदायिक शेतीत ओढण्याची, फळे होती. देशातील घोड्यांची संख्या १९२९मधील सुमारे ३ कोटी ४६ लाखांवरून १९३३मध्ये १ कोटी ६६ लाखांवर आली, ती काही पाऊस न पडल्याने नव्हे. आपल्याकडे ‘दुष्काळ’ म्हटले की आधी आभाळाकडे पाहण्याची सवय आहे, पण १९७२च्या महाराष्ट्रात पाऊस गेला तरी दुष्काळी कामांवरची मजुरी आणि सुकडी यांनी बहुसंख्यांना तगवले, हे आठवले तर अवर्षण आणि भूकबळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही. सोव्हिएत सरकारने मात्र १९३१मध्ये सुमारे ५० लाख टन आणि १९३२मध्येही सुमारे १७ लाख टन धान्य परदेशी पाठवले.

आकडे खाली आणल्याच्या आरोपात थोडे तथ्य आहे, पण ते अर्धवट सांगितले जाते. व्हीटक्रॉफ्ट यांनी १९८५मध्ये दुष्काळबळींची संख्या ३० ते ४० लाखांहून अधिक मानायला लोकसंख्याशास्त्रीय पुरावा नाही, असे लिहिले होते. पुढे अभिलेखागारे उघडली, दडपलेल्या १९३७च्या जनगणनेची कागदपत्रे हाती आली आणि त्यांनी आपला अंदाज जाहीरपणे वाढवला. डेव्हिस यांच्यासह त्यांनी अखेर ५५ ते ६५ लाख हा पल्ला दिला. मृतांची संख्या दडवायची असेल तर कोणी स्वतःचाच आकडा असा वाढवत नाही. त्यांनी खाली आणले ते वेगळेच आकडे: १९३२च्या पिकाचा सुमारे ७ कोटी टनांचा सरकारी आकडा, जो त्यांच्या मते प्रत्यक्षात ५.५ ते ६ कोटी टन होता (इतिहासकार मार्क टाउगर तर ५ कोटींच्या आसपास येतात), आणि सरकारी कोठारांतील धान्यसाठ्याचे प्रचलित अंदाज. पीक कमी होते म्हणजे सरकार निर्दोष, हा निष्कर्ष पुस्तकात नाही. उलट पीक कमी असताना केलेली वसुली म्हणजे शेतकऱ्याच्या तोंडचा घासच काढणे होते.

कॉन्क्वेस्ट यांचा मुद्दा सर्वांत उद्बोधक आहे. त्यांच्या १९८६च्या पुस्तकाने हा दुष्काळ पाश्चात्त्य वाचकांपुढे आणला, हे श्रेय त्यांचेच. परंतु २००३मध्ये त्यांनी डेव्हिस आणि व्हीटक्रॉफ्ट यांना पत्राने कळवले, की स्टालिनने १९३३चा दुष्काळ हेतुतः घडवला असे आपले म्हणणे नाही. तो टाळता येत असूनही त्याने भुकेल्यांना खाऊ घालण्याऐवजी इतर ‘सोव्हिएत हित’ पुढे ठेवले, असे आपले म्हणणे आहे. हे पत्र पुस्तकाच्या तळटिपेत नोंदवलेले आहे. त्याच पुस्तकात लेखकद्वय सांगते, की आपण स्टालिनला जबाबदारीतून मुक्त करत नाही आणि शेतकऱ्यांविषयीची त्याची धोरणे निर्दय होती. ज्याला ‘खोटे पाडले’ म्हणतात, तो हा संवाद आहे.

पुस्तकावर टीका करायची असेल तर जागा आहे, पण ती वेगळीकडे. नेतृत्वाला हे संकट अनपेक्षित आणि नकोसे होते, असे डेव्हिस आणि व्हीटक्रॉफ्ट म्हणतात, आणि १९३३च्या पूर्वार्धात थोडेथोडे धान्य सोडणारे अनेक ठराव त्याला आधार म्हणून दाखवतात. माझ्या मते हे वर्णन १९३२च्या उन्हाळ्याला लागू पडते, पण २२ जानेवारी १९३३च्या आदेशाशी ते नीट जुळत नाही. त्या दिवशी स्टालिन आणि सरकारप्रमुख मोलोटोव्ह यांनी युक्रेन आणि उत्तर कॉकेशसच्या कुबान भागातील शेतकऱ्यांना अन्नाच्या शोधात बाहेर पडण्यास मनाई केली, आणि मार्चच्या सुरुवातीपर्यंत सुमारे २ लाख १९ हजार लोक अडवले गेले, त्यांतील बहुतेकांना गावी परत धाडले गेले.