सुट्टीत मुलांना फिरवून आणा, फक्त त्यांना विचारू नका

मुलांना सुट्टी लागली आणि तुमच्या घरी अजून कुठे जायचं तेच ठरलेलं नाही? मग आईबाप म्हणून तुम्ही कमी पडताय एवढं नक्की. बाकीच्यांचे फोटो यायला लागलेत बघा, काहींचे तर दुसऱ्या ट्रिपचे. तेव्हा आता वेळ न घालवता एका दिवसाची का होईना सहल काढाच, आणि ती कशी काढायची ते मी सांगतो, म्हणजे नंतर आम्हाला कोणी सांगितलंच नाही असं म्हणायला नको.

पहिली गोष्ट, कुठे जायचं हे मुलांना चुकूनही विचारायचं नाही. विचारलंत तर ती म्हणणार खाली मैदानात जाऊ, नाहीतर आजीकडे जाऊ, नाहीतर कुठेच नको, घरीच चादरीचा तंबू करू. अशी उत्तरं ऐकून घेतली तर आणलेल्या नव्या टोप्या घालायच्या कुठे? म्हणून ठिकाण असं निवडायचं जे तुमचं स्वतःचं लहानपणी बघायचं राहून गेलंय, आणि जिथे पोचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्मासुद्धा वेळ तिथे थांबता येत नाही. एका दिवसात निदान चार पॉइंट झालेच पाहिजेत. पाचवा बघायचा राहिला तर घरी येईपर्यंत त्याची हळहळ करायची, म्हणजे आधीचे चार कसे होते हा विषयच निघत नाही.

आणि बरोबर अजून एक फॅमिली घ्या. दोन घरं मिळून गेलं की मजा दुप्पट होते असं म्हणतात, होत असेल, पण वेळ चौपट लागतो हे मी खात्रीनं सांगतो. एका घरातलं पोर दुपारी झोपणारं, दुसऱ्या घरातलं बरोबर त्याच वेळी किंचाळणारं, एकाला सगळं तिखट लागतं, दुसऱ्याला सगळं अळणी, आणि ह्या सगळ्यासाठी व्हॉट्सॲपवर एक वेगळा ग्रुप, ज्यावर सकाळी "निघालोच" असा मेसेज पडतो. निघालोच म्हणजे आंघोळीला निघालो, हे अनुभवी माणसाला सांगावं लागत नाही.

निघायची वेळ सकाळी 6 ची ठरवा आणि 11 ला निघा. त्याचा फायदा असा की सकाळी 10 ते दुपारी 4 हा अतिनील (यूव्ही) किरणांचा सगळ्यात कडक काळ, आणि त्यातला बराचसा तुम्हाला उघड्यावर मिळतो. सनस्क्रीन लागेलच, त्याची एक ट्यूब घ्या आणि ती पाच वर्षं पुरवा. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला नीट लावायचं तर एका वेळी साधारण 30 मिली लागतं, बाहेर पडायच्या 15-20 मिनिटं आधी लावावं लागतं आणि दर 2 तासांनी, पाण्यात खेळून आलं तर लगेच, परत लावावं लागतं असं डॉक्टर लोक सांगतात, पण त्यांना तुमच्या पोराला धरून लावायचं नसतं. तुम्ही आपला नाकावर एक ठिपका द्या आणि पन्नास एसपीएफचं आहे काय समजलात, असं म्हणून ट्यूब बंद करा. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के किरणं अडवतं आणि 50 साधारण 98 टक्के, म्हणजे तुम्ही जो एक टक्का जास्तीचा घेतलाय तो ठिपक्याएवढ्या जागेत अगदी व्यवस्थित काम करतो.

गॉगल घ्यायचा तर खेळण्यातला, काळाकुट्ट, यूव्हीबिव्ही काही न लिहिलेला. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि काच किरणं अडवणारी नसेल तर ती नेहमीपेक्षा जास्त आत जातात, पण फोटोत हिरो दिसतो की नाही ते महत्त्वाचं.

आता प्रवास. दार लावताना "शू केलीस का" हा प्रश्न विचारायचा आणि "नाही आली" हे उत्तर मान्य करायचं, मग जिथे थांबायला जागाच नाही अशा ठिकाणी ती येईल. रस्ता वळणावळणाचा लागला की लगेच मुलाच्या हातात मोबाईल द्या, गप्प बसतं. कान मेंदूला सांगत असतात की आपण डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो, आणि डोळे सांगतात की छे, आपण तर एका जागी बसून कार्टून बघतोय, ह्या भांडणाचा निकाल पोटात लागतो. 2 ते 12 ह्या वयात हा त्रास सगळ्यात जास्त होतो म्हणे, म्हणजे नेमकी आपली पोरं. खिडकीतून लांबवर बघायला लावलं, गाडीत थोडी हवा खेळती ठेवली, तर बऱ्याचदा निभावतं, पण मग त्यांच्याशी बोलत बसावं लागतं आणि ते "हा डोंगर कोणी बनवला" असले प्रश्न विचारतात, त्यापेक्षा पिशवी हाताशी ठेवलेली बरी. पिशवीला भोक नाही ना, हे मात्र आधी बघा. आधी म्हणजे घरी.

दोन वाक्यं इथे सरळ लिहितो, चेष्टा नाही. उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीतलं तापमान 10 मिनिटांत साधारण 10 अंशांनी चढतं, काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही आणि मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा 3 ते 5 पट लवकर तापतं, त्यामुळे "झोपलंय तर झोपू दे, पाच मिनिटांत येतो" हे कधीच करायचं नाही. आणि पाण्याजवळ गेलात तर कोणीतरी एकानं मोबाईल खिशात ठेवून फक्त मुलांकडे बघायचं, कारण बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, तेवढा श्वासच नसतो त्याच्याकडे. झालं, आता पुन्हा आपल्या मार्गदर्शनाकडे.

थंड पाण्यासाठी आदल्या रात्री बाटली गळ्यापर्यंत भरून फ्रीजरमध्ये टाका. पाण्याचं बर्फ होताना ते साधारण 9 टक्के फुगतं, त्यामुळे सकाळी बाटलीचा बूड गोल झालेला असतो आणि ती कुठेही ठेवली तरी आडवी होते. तहान लागते तेव्हा आत दगड असतो, बाटली उलटी करून तळाला थापट्या मारल्या की तीन थेंब येतात, आणि त्याच वेळी बाहेरून तिला असा घाम फुटतो की बॅगेतला बदलायचा एकमेव कोरडा शर्ट भिजून जातो. निम्मीच भरून गोठवली आणि निघताना वर साधं पाणी ओतलं तर बाहेरचा घाम सोडून बाकी सगळं टळतं, पण मग गाडीत बोलायला विषय काय राहणार. आणि हो, मुलानं मागितल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. खेळात रमलेलं पोर पाणी मागतच नाही, शू गडद पिवळी व्हायला लागली तरी त्याला पत्ता नसतो, म्हणजे तुमचा एक व्याप वाचला.

पोचलात? आता खरी परीक्षा. समोर एवढं भव्य काहीतरी आहे, ज्यासाठी तुम्ही सुट्टी टाकली, टाकी फुल केली, आणि तुमचं पोर पार्किंगच्या कडेला उकिडवं बसलंय. तिथे मुंग्या एका चतुराचा पंख उभा धरून नेतायत, वारा आला की सगळी वरात कलंडते, पंख आडवा होतो, मग चार मुंग्या खालून शिरतात आणि तो पुन्हा शिडासारखा उभा राहतो. पोरगं त्यांच्यासाठी वाटेतला खडा काढतंय. हे दृश्य दिसलं की लगेच हस्तक्षेप करायचा. दंडाला धरून उठवायचं आणि खणखणीत आवाजात म्हणायचं, "मुंग्या घरी पण आहेत!" ह्या वाक्याला मुलांकडे उत्तर नसतं. त्यांनी "मग घरीच राहायचं ना" असं म्हटलं तर ते ऐकू आलं नाही असं दाखवायचं, आणि तरीही ते रडलंच तर "इथपर्यंत कोणासाठी आलोय आम्ही" हा प्रश्न टाकायचा. फक्त हा प्रश्न टाकल्यावर बायकोकडे किंवा नवऱ्याकडे बघू नये, तिकडून खरं उत्तर येण्याची शक्यता असते.

मग फोटो. ऊन बरोबर डोक्यावर असताना घ्या, सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि कुटुंब आठवडाभर झोपलेलं नाही असं दिसतं, जे बऱ्यापैकी खरंच आहे. मुलांची तोंडं सूर्याकडे करायची आणि डोळे उघडा म्हणून ओरडायचं. "हस ना जरा नीट" हे चढत्या आवाजात म्हणत राहिलं की साधारण पाचव्यांदा जे हसू येतं ते ठेवायचं, सगळे तेच ठेवतात.

मूल दिवसभर झोपणार नाही आणि परतीच्या वाटेवर घर 15 मिनिटांवर आलं की झोपेल. झोपू द्या. तेवढ्या डुलकीनं दिवसभर साठलेली झोप नेमकी उतरते आणि रात्री 11 ला ते टक्क जागं, ताजंतवानं, तुमच्या छातीवर बसून डायनासोर मेले कसे हे विचारतं. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, माहीत नसेल तर तसंही तुम्हाला तेव्हा मरायचंच असतं.

राहता राहिले ओले कपडे. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून, तोंडाला घट्ट गाठ मारून, गाडीच्या डिकीत सगळ्यात मागे ठेवायचे. कोणी ठेवले होते ह्यावर दोन दिवस, कोणी काढायचे ह्यावर पुढचा आठवडा, आणि मग ती पिशवी आता उघडायची की तशीच टाकून द्यायची ह्यावर घरात एकमत होईपर्यंत शाळा सुरू झालेली असते.