मार्चअखेर: आधी स्वतःचा पगार वजा करा, मग नफा म्हणा

फेब्रुवारी संपत आला की दादरपासून वसईपर्यंत छोट्या दुकानांत, वर्कशॉपमध्ये एकच घाई असते: सीएने बिलं मागितलीत. पिशवीभर कागद पोचले की मार्चअखेर झाली, असं बहुतेकांना वाटतं. रिटर्न भरणं सीएचं काम, पण वर्षाचा हिशोब मालकाने स्वतः बसून मांडायला हवा, आणि तोही मार्चमध्येच. एप्रिलमध्ये आकडे नुसते कळतात, हातात काही राहत नाही.

सुरुवात मालकाच्या पगारापासून करा. समजा वर्षाची विक्री ६० लाख, मार्जिन २० टक्के, म्हणजे १२ लाख. महिना ३५ हजारांप्रमाणे भाडं ४ लाख २० हजार. १८ हजारांच्या दोन पोरांचा पगार ४ लाख ३२ हजार. लाईट, टेम्पो, किरकोळ मिळून १ लाख २० हजार. उरले २ लाख २८ हजार, आणि यालाच आपण नफा म्हणतो! काउंटरवर बारा तास उभा राहणारा माणूस दुसरीकडे २५ हजारांवर लागला असता तर वर्षाचे ३ लाख झाले असते. म्हणजे धंदा ७२ हजारांनी तोट्यात आहे. गाळा स्वतःचा असला तरी बाजारभावाचं भाडं धरूनच हे गणित करा. (प्रोप्रायटरला स्वतःचा पगार टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येत नाही, हे फक्त तुमच्या वहीसाठी.) हा आकडा बघवत नाही हे खरं, पण भाव वाढवायचे की एक पोरगा कमी करायचा, हे त्याशिवाय ठरवणार कसं?

माल ३१ तारखेला शटर पाडल्यावर मोजा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. किंमत खरेदीची लावा. जो माल तेवढ्यालाही जाणार नाही, त्याला येतील तेवढेच धरा. एमआरपी लावली की शिल्लक फुगते, तिच्याबरोबर नफा फुगतो, आणि न कमावलेल्या पैशावर टॅक्स जातो. माल २९ मार्चला आला आणि बिल एप्रिलमध्ये नोंदवलं, तरी हाच घोळ. कारागिराकडे शिवायला गेलेला मालही यादीत हवा. सहा महिने न हललेला माल मात्र आत्ताच पडेल भावात काढा. मुंबईत फुटाच्या भावाने भाडं भरून तो सांभाळणं परवडत नाही.

आता उधारी, खरा जीव इथेच अडकतो. प्रत्येक पार्टीचं येणं ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस आणि त्यापुढे अशा रकान्यांत मांडा. तुम्ही उत्पादक किंवा सेवा देणारे असाल आणि उद्यम नोंदणीत (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु म्हणून असाल, तर मार्चमध्ये तुमच्या हातात चांगलं हत्यार आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५ दिवस; एवढ्यात पैसे दिले नाहीत तर तुमच्याकडून घेणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी टॅक्समध्ये वजा करता येतो, त्यामुळे ३१ मार्चआधी पैसे देण्याची घाई तिलाच असते. म्हणून बिलावर उद्यम नंबर छापा आणि १० मार्चच्या आत त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना खातेउतारा पाठवा. निव्वळ व्यापाऱ्याला हा आधार नाही. त्याने ९० दिवसांपुढच्या पार्टीला नवा माल रोखीनेच द्यावा. जुनं गिऱ्हाईक आहे, तुटेल, ही भीती मला समजते. पण पैसेच न देणारं गिऱ्हाईक टिकवून आपण त्याला बिनव्याजी कर्ज देत असतो.

तारखा चुकवू नका. १५ मार्चला ॲडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता. पुढच्या वर्षी जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के टॅक्स भरायची सोय) जायचं असेल तर अर्ज ३१ मार्चपर्यंत. १ एप्रिलपासून बिलांची नवी मालिका.

शेवटी एका कागदावर एप्रिल ते मार्च बारा रकाने आखून प्रत्येकात येणारी आणि जाणारी रोकड लिहा. गणपती-दिवाळीचा माल भरायला पैसा जुलै-ऑगस्टमध्ये लागतो, आणि नेमकं तेव्हाच पावसाने गिऱ्हाईक आटतं. त्या रकान्यात उणे आलं तर बँकेशी ओव्हरड्राफ्टचं (खात्यात नसलेले पैसे ठरावीक मर्यादेपर्यंत काढायची सोय) बोलणं एप्रिल-मे मध्येच उरका. कागद आणि मंजुरी यात आठवडे जातात.