कुलूप दिसतंय म्हणून अपडेट बंद करू नका

"वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की बिनधास्त पैसे भरा. हे कुलूप कुणालाही खोटं बनवता येत नाही. म्हणून विंडोजचे अपडेट बंद ठेवा, त्यानं लॅपटॉप फक्त मंद होतो. इशारा आला तर 'तरीही पुढे जा' दाबा." हा फॉरवर्ड वाचून माझ्या मावशीनं खरंच अपडेट बंद केले. तिचे पेन्शनचे सगळे व्यवहार त्याच लॅपटॉपवर चालतात.

पहिल्या मुद्द्यात फार वेळ घालवत नाही. कुलूप म्हणजे वाटेत कुणी वाचत नाही, एवढंच. पलीकडे भामटा बसलेला असू शकतो, कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं डिजिटल ओळखपत्र, त्यालाही फुकट मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

"खोटं बनवता येत नाही" हे मात्र धडधडीत चूक आहे, आणि त्याच्या जोरावर अपडेट बंद करायला सांगणं म्हणजे घात आहे. १४ जानेवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० साठी सर्टिफिकेट तपासण्यातल्या एका चुकीची दुरुस्ती आणली. चूक कळवली होती एनएसए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेनं, आणि दुरुस्ती लवकरात लवकर बसवा, असं त्यांनी स्वतः बजावलं होतं.

भानगड अशी होती. एलिप्टिक कर्व्ह नावाच्या गणितावर चालणाऱ्या सर्टिफिकेटमध्ये ठरलेल्या मापाचं पाऊल गुप्त संख्येइतक्या वेळा टाकलं की जिथे पोचाल, ती सार्वजनिक किल्ली, म्हणजे सही पडताळायला सगळ्यांना दिलेली. विंडोज फक्त मुक्काम जुळवून बघायचं, पाऊल कुठल्या मापाचं हे बघायचंच नाही. मग चोरानं एकाच ढांगेत मुक्काम गाठेल असं पाऊल निवडायचं, की त्याची गुप्त संख्या झाली १! सर्टिफिकेट देणाऱ्या मूळ संस्थेची गुप्त किल्ली न चोरता तिच्या नावानं सही करता यायची. दुसऱ्याच दिवशी सलीम रशीद या संशोधकानं क्रोममध्ये एनएसएच्याच पत्त्यावर भलताच व्हिडिओ चालवून दाखवला. गणित मोडलं नव्हतं, हे मान्य. तपासणी अर्धवट होती, आणि ती पुरी झाली अपडेटमुळेच.

राहिला 'ही साइट सुरक्षित नाही' हा इशारा. तो कधीकधी फुकाचा असतो, हेही खरं. मावशीच्या लॅपटॉपमधला घड्याळाचा सेल संपला होता, तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती, त्यामुळे चांगल्या साइटवरही इशारा यायचा. पण त्यावर उपाय तारीख नीट लावणं हा आहे. बँकेच्या पानावर इशारा आला, तर 'पुढे जा' न दाबता ते पान तिथल्या तिथे बंद करायचं.

काल सेल बदलला, तारीख लावली आणि तुंबलेले अपडेट रात्रभर चालू ठेवले.