सगळीच चक्कर उन्हाची नसते भाऊ

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली भाऊ. तुमचं म्हणणं असं का मे महिन्यात इकडं अर्धं गाव चक्कर खाते, मीठ-साखरेचं पाणी पाजलं का माणूस उठून बसते, अन् मी मात्र अमायलॉइडोसिसचं (अंगात खराब प्रोटीन साचायच्या आजाराचं) नाव काढून लोकाइले घाबरवतो, वरून टेस्टचा धंदा. आता 45 डिग्रीत वखर हाकणाऱ्याला गरगरणारच, त्यात वाद नाही. पण मी लिहिलं होतं ते डिसेंबरातही सकाळी बाजेवरून उठलं का अंधारी येणाऱ्या माणसाबद्दल.

फुकटची तपासणी सांगतो. पाच मिनिटं बाजेवर आडवं करा, बीपी अन् नाडी घ्या, मग उभं करून (धरायला कोणीतरी असू द्या) तीन मिनिटांत परत घ्या. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं पडला तर गडबड आहे, पण खरी गोष्ट नाडी सांगते. उन्हानं अंगातलं पाणी आटलेल्याची नाडी धाडधाड वाढते, कारण हृदयाला पळवणाऱ्या नसा शाबूत असतात. अमायलॉइडमध्ये चुकीचं दुमडलेलं प्रोटीन हृदयाच्या भिंतीत अन् या बारीक नसांतही साचते, मग बीपी 140 चं 95 होते अन् नाडी 76 ची 80, बस्स!

शुगरच्या जुन्या पेशंटमध्येही असंच होते, अन् अमायलॉइडपेक्षा शुगरचा आजार कितीतरी जास्त लोकांत दिसते, म्हणून पहिले शुगर तपासा हे मी लिहिलंच होतं.

मीठ-साखरेच्या पाण्यावर मात्र माझा खरा वाद आहे. अमायलॉइडमध्ये हृदय जाड अन् कडक झालेलं, पायावर सूज, अशाले रोज मीठ पाजलं तर दम लागते. चक्करेसाठी पाणी द्यावं तर सूज वाढते, सुजेसाठी लघवीची गोळी द्यावी तर माणूस पडते, डॉक्टरचीही पंचाईतच. म्हणून घट्ट मोजे, पोटाला पट्टा, गरज पडली तर डॉक्टरनं दिलेली मिडोड्रिन (बीपी वर ठेवायची गोळी), अन् तिचा शेवटचा डोस झोपायच्या चार तास आधी, नाहीतर आडवं पडल्यावर बीपी चढते.

अन् 'दहा वर्षांचं बीपी आपोआप बरं झालं' म्हणून खुश होणारे लोक पाहतो ना, तिथं मला जास्त भीती वाटते, कारण अमायलॉइडनंही बीपी असंच उतरते. सोबत दोन्ही हाताला मुंग्या, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, वजन उतरलेलं, ईसीजीत लाटा बारक्या अन् इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची भिंत जाड, एवढं जमलं का मग रक्त-लघवीतल्या लाइट चेन (अँटीबॉडी प्रोटीनचे तुकडे) तपासाच. ह्याच लाइट चेन साचतात त्या एएल प्रकारात उशीर परवडत नाही, अन् त्यावर बोर्टेझोमिब, डाराटुमुमॅब अशी औषधं आहेत. ट्रान्सथायरेटिन नावाचं दुसरं प्रोटीन साचायचा प्रकार वेगळा, त्याचं औषध टॅफामिडिस अमेरिकेत 2019 ला हृदयासाठी मंजूर झालं, किंमत नका विचारू राजेहो.

तुम्हीच शेवटी लिहिलं का मोठेबाबांना जेवून उठलं का गरगरते अन् बीपीची गोळी चालूच आहे. गोळी मनानं बंद करू नका, पण झोपून-उभं राहून बीपी अन् नाडी, सकाळची वेगळी अन् जेवणानंतरची वेगळी, कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरकडे न्या, ह्याच आठवड्यात.